शिनिंग ते ल्हासा रेल्वेप्रवास : वडिलांना सोबत न्यावे का?

सांजवेळ : नमस्कार. माझे वडील रेल्वेत रुळांच्या देखभालीच्या कामावर होते आणि त्यांची बरीचशी नोकरी कर्जत–लोणावळा घाटात गेली. 1 जुलै 2006 रोजी चीनमधल्या शिनिंगहून तिबेटात ल्हासाला जाणाऱ्या रेल्वेचा शेवटचा टप्पा, गोलमुड–ल्हासा मार्ग, सुरू झाला, त्या बातमीचे कात्रण त्यांच्या कपाटात आजही आहे. आता ते 68 वर्षांचे आहेत. रक्तदाबाची गोळी चालू आहे, एरवी प्रकृती चांगली आहे. डब्यात प्राणवायू सोडतात, त्यामुळे विमानात बसल्यासारखेच असते, असे एका प्रवासी संस्थेने सांगितले. हे खरे आहे का? आणि खिडकी कोणत्या बाजूची घ्यावी?

रूळवाट : हा प्रवास मी केला आहे. विमानाची उपमा चुकीची आहे, कारण विमानात हवेचा दाब वाढवलेला असतो, तर या गाडीत दाब बाहेरच्याइतकाच राहतो आणि हवेतले प्राणवायूचे प्रमाण तेवढे वाढवतात. आमच्याजवळचे वेफर्सचे पाकीट तांगगुला खिंडीपर्यंत इतके टम्म फुगले होते की हात लावायची भीती वाटावी. ही खिंड 5,072 मीटरवर आहे. ज्याला जास्त त्रास होईल त्याच्यासाठी बर्थपाशी प्राणवायूचे वेगळे तोंड असते. त्याला नळी जोडून ती नाकाला लावता येते.

खिडकीचे म्हणाल, तर ल्हासाकडे जाताना उजवी बाजू घ्यावी. त्सोना सरोवर रुळाला अगदी खेटून त्याच बाजूला येते आणि पुढे दामशुंगनंतर न्येनचेन तांगल्हाची हिमशिखरेही तिकडेच दिसतात. गोलमुड पहाटे सोडणारी गाडी मिळाली तर पुढचे सुमारे 14 तास बहुतांश उजेडात जातात. परदेशी नागरिकांना व्हिसाखेरीज तिबेटचा प्रवास परवाना लागतो आणि तो पर्यटन संस्थेमार्फतच काढावा लागतो, हेही ध्यानात ठेवा.

वैद्यकी : सांजवेळताई, मी डॉक्टर आहे. गाडी हळूहळू चढते म्हणून शरीर आपोआप सरावते, या समजावर विसंबू नका. शिनिंग सुमारे 2,260 मीटरवर आहे आणि तिथून एका दिवसाच्या आत आपण 5,000 मीटर ओलांडतो. शिनिंगला दोन रात्री अवश्य राहा, ल्हासालाही (सुमारे 3,650 मीटर) पहिला दिवस पूर्ण विश्रांतीचा ठेवा. निघण्यापूर्वी हृदयाची तपासणी करून घ्या. उंचीवर होणारा त्रास टाळण्यासाठीचे अ‍ॅसिटाझोलामाइड हे औषध घ्यायचे की नाही, हे वडिलांचे डॉक्टर रक्तदाबाची औषधे पाहूनच ठरवतील. डोकेदुखीसोबत तोल जाऊ लागला किंवा बसल्याजागी धाप लागली, तर मात्र क्षणभरही थांबू नका, लगेच गाडीतल्या कर्मचाऱ्यांना सांगा.

रूळवाट : वडिलांसाठी आणखी थोडे लिहितो, कारण त्यांना डोंगरांइतकाच रूळही पाहावासा वाटेल. गोलमुड–ल्हासा या 1,142 किलोमीटरपैकी सुमारे 550 किलोमीटर मार्ग कायम गोठलेल्या जमिनीवर आहे. तिचा वरचा थर उन्हाळ्यात वितळला की भराव खचतो, हिवाळ्यात पुन्हा गोठला की फुगतो. म्हणून कित्येक ठिकाणी भरावात मोठे दगड मोकळे रचले आहेत, म्हणजे थंड हवा आत खेळती राहते. काही ठिकाणी रूळ सरळ पुलावरच चढवला आहे, त्यांतला छिंगश्वेह येथील पूल 11.7 किलोमीटरचा आहे. रुळालगत ओळीने उभ्या दिसणाऱ्या धातूच्या नळ्या त्यांना मुद्दाम दाखवा. त्यांत अमोनिया असतो. हिवाळ्यात जमिनीतल्या उष्णतेने खाली त्याची वाफ होते, वर थंड हवेत ती पुन्हा द्रवरूप होऊन खाली उतरते आणि प्रत्येक फेरीला जमिनीतली थोडी उष्णता बाहेर पडते. उन्हाळ्यात वरचे टोक गरम असल्याने ही फेरी आपोआप थांबते. ना पंप, ना वीज. चढ मात्र आपल्या घाटाहून सौम्य आहे : बोरघाटात 37 ला 1 (म्हणजे 37 मीटर अंतरात 1 मीटर चढ), तिथे जास्तीत जास्त 50 ला 1.

सांजवेळ : आपणा दोघांचे मनापासून आभार. नळ्यांचा परिच्छेद बाबांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि कात्रण काढून त्याच्या मागे तो पेन्सिलने उतरवला. सोमवारी हृदयतज्ज्ञांची वेळ घेतली आहे. त्यांनी होकार दिला तरच शिनिंगच्या दोन रात्री धरून पुढची आखणी करीन.