ग्रुप टूरमध्ये एकटे गेलेले, हात वर करा (अनुभव धागा)

खिडकीवाली

आज माळ्यावरची बॅग काढली. आतल्या चेनच्या कप्प्यात गळ्यात अडकवायची निळी दोरी निघाली. तिला कार्ड अजून लटकतंय आणि कार्डामागे टूर मॅनेजरच्या अक्षरात "४३ (४२ + १)". त्यातली एक म्हणजे मी. बॅग तशीच पसरलेली ठेवून इथे लिहायला बसलेय.

साल २०१७, युरोप, दहा दिवस, बस. बाकीचे बेचाळीस जण कसे कोण जाणे, पण सगळे जोडीत बसणारे. नवरा-बायको, आई-लेक, दोन मैत्रिणी. एक तिघांचं कुटुंब होतं तर त्यांच्याबरोबर आजी, म्हणजे तेही चार. आमचा टूर मॅनेजर बसमध्ये मागून पुढे मोजत यायचा, दोन बोटं पुढे करून. दोन, चार, सहा... माझ्या रांगेपाशी आला की अडखळायचा, "आणि ताई". पहिले दोन दिवस ते "आणि" मला फार लागलं. तिसऱ्या दिवशी तोच म्हणाला, "ताई, तुमच्यामुळे माझं काम सोपं झालंय. आकडा विषम आला की गाडी सोडायची. सम आला की कुणीतरी राहिलंय."

लुसर्नला तो सिंह बघितला, खडकात कोरलेला, भाल्याने घायाळ झालेला. १७९२ मध्ये पॅरिसला मारल्या गेलेल्या स्विस गार्ड्सचं स्मारक आहे ते. मग तासभर मोकळा वेळ आणि मग तळ्याजवळच्या चौकात बस. तिथे बसला फार वेळ उभं राहू देत नाहीत, ड्रायव्हर इंजिन चालू ठेवूनच होता. मोजणी झाली. बेचाळीस! सगळ्या बसच्या माना माझ्या सीटकडे वळल्या. मी आपली पट्टा लावून बसलेली. पुन्हा मोजलं, बेचाळीस. तेव्हा कुठे पाचव्या रांगेतले काका जागे झाले. त्यांच्या शेजारी पर्स होती, स्वेटर होता, काकू नव्हत्या.

काकू लाकडी पुलावर होत्या. छताखालची तिकोनी चित्रं बघत एकेक पाऊल पुढे सरकत होत्या, १९९३ च्या आगीतून कोणती वाचली ते शोधत.

दहा दिवस सगळ्यांना काळजी माझी, "एकटी आहे, लक्ष ठेवा". आणि हरवली कोण, तर जोडीतली.

तुमच्या शेजारच्या सीटवर कोण होतं? लिहा.

रिकामटेकडा

शेजारी माझी बॅगच. तिला खिडकी दिली, मी वाटेकडे :)

पण ताई, हिशेबात गडबड आहे. दोघं एकदम राहिले तर आकडा ४१ येणार, म्हणजे विषमच. गाडी सोडणार का?

खिडकीवाली

अहो तो बेरीजही करायचा हो! सम-विषम हा नुसता झटपट अंदाज. गणितवाले दिसताय.

पायपीट

माझं दुखणं पैशाचं. जाहिरातीत दर असतो तो "ट्विन शेअरिंग"चा, म्हणजे खोलीत दोघं धरून माणशी. एकट्याने जायचं म्हटलं की सिंगलचा जादा आकार. हॉटेलला खोली ती खोलीच, दोघं झोपा नाहीतर एक, हे मला कळतं. पण जास्तीचे पैसे भरून मिळते काय? लिफ्टला चिकटलेली खोली. पलंग एवढा अरुंद की कूस बदलायची तर आधी उठून बसावं लागे. जोडप्यांच्या खोल्या बघून आले, त्यांच्या बाथरूममध्ये माझी खोली मावली असती.

दुसऱ्या टूरला पैसे वाचवायला रूम शेअर घेतलं. बाई अतिशय सज्जन. घोरणं मात्र असं की खिडकीची काच थरथरायची. सकाळी त्याच मला म्हणाल्या, "तू झोपेत फार चुळबुळ करतेस बाई, मला जाग येते."

वेंधळी

पायपीट, मेले हसून

झोपाळू_प्रवासी

खिडकीवाली ताई, ते पाचव्या रांगेतले काका मीच असणार. म्हणजे मी नाही, पण आमच्यातलेच कोणीतरी. बस सुरू झाली की माझी मान पडते ती थेट पार्किंगमध्ये उठते. अख्खं ऑस्ट्रिया मी फक्त इतरांच्या फोटोत बघितलंय. एकट्याने गेलं की "अहो बघा ना बाहेर" असं कोणी कोपराने ढोसत नाही, हा फायदा कुणी लिहिला नाही अजून.

सांजवेळ

बुकिंग दोघांचं होतं. हे मार्चमध्ये गेले, टूर सप्टेंबरची. मुलगा म्हणाला दोन्ही रद्द करू. मी म्हटलं एकच कर.

ग्रुपला कुणी सांगितलं माहीत नाही, पण पहिल्याच दिवशी सगळ्यांना कळलं होतं. माझ्याशी सगळे हळू आवाजात बोलायचे. बाकीच्या बसमध्ये गाणी, भेंड्या, आरडाओरडा, आणि माझ्या दोन सीटपुरती दवाखान्यातली शांतता. शेजारची सीट मुद्दाम मोकळी ठेवलेली. त्यावर मी साधी पाण्याची बाटलीही ठेवली नाही चार दिवस.

पाचव्या दिवशी स्वित्झर्लंडहून इटलीकडे निघालो. एक नऊ वर्षांची मुलगी आली, विचारलं वगैरे काही नाही, धपकन बसली. म्हणाली, "दादा ओकतोय, मी इथे बसते. आणि आजी, आता गॉटहार्डचा बोगदा येईल, जवळजवळ १७ किलोमीटर आहे. मी श्वास धरणार, तुम्ही मोजा." मी मोजायला लागले. एकोणचाळीसला फुस्स. मग म्हणे आता तुम्ही. मी चौदाला सोडला, तर केवढी खूश झाली. बोगदा संपायला बारा-तेरा मिनिटं लागली असतील, तेवढ्यात आमच्या सात-आठ पाळ्या झाल्या. मागून कोणीतरी तिला "आजींना त्रास देऊ नकोस" म्हणालं, तर मीच मागे वळून "राहू दे" म्हटलं, नेहमीच्या आवाजात.

पुढचे सगळे दिवस ती सीट तिची. खिडकीही तिचीच, मी कडेला.

वेंधळी

सांजवेळ काकू, डोळ्यांत पाणी आलं. ऑफिसात आहे, नंतर नीट लिहिते

नकाशेवाला

वर मोकळ्या वेळेचं आलंच आहे म्हणून सांगतो, कारण प्रत्येक टूरमध्ये यावर भांडण होतं. "सुंदर गाव सोडून पेट्रोल पंपावर पाऊण तास का थांबवलं?" तर युरोपियन युनियनमध्ये ड्रायव्हरला साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटं विश्रांती घ्यावीच लागते. आधी १५ आणि मग ३० अशी तोडून घेता येते. दिवसाला ९ तास चालवायचं, आठवड्यातून दोनदा फक्त १०. रात्रीची विश्रांती साधारणपणे सलग ११ तास. हे सगळं गाडीतल्या टॅकोग्राफवर नोंदलं जातं. म्हणजे रात्री आपण उशिरा पोचलो की सकाळी बस उशिरा निघणार, ड्रायव्हर कितीही गोड असला तरी.

मला हे कसं माहीत? एकटा असल्यामुळे ड्रायव्हरच्या मागची सीट दर दोन दिवसांनी कोणी ना कोणी मला देऊन टाकायचं (पुढे बसलं की गाइडचा माइक कानात वाजतो). मिलानचा ड्रायव्हर होता. त्याला इंग्रजी येत नव्हतं आणि मला इटालियन. अकरा दिवसांत आमचं जे काही बोलणं झालं ते बोटांनी आणि त्या टॅकोग्राफच्या पट्टीवर. निरोपाला त्याने मला एक जुनी छापील पट्टी दिली, सही करून. माझ्याकडे आहे अजून, शाई उडत चाललीय.

मागची_सीट

पुढची सीट फुकट मिळते म्हणे! आमच्या बसमध्ये पहिल्या रांगेवरून दोन कुटुंबांचं बोलणं बंद झालं होतं. शेवटी रोटेशन लावलं, रोज दोन रांगा मागे. मी एकटा, मला म्हणाले तुम्ही कुठेही बसा. कुठेही म्हणजे शेवटी, टॉयलेटच्या दाराशी.

गुलबकावली

कोणाला बस लागते का? मला फार. गोळी घेऊनही घाटात हालत होते. उपाय सांगा, मेमध्ये जायचंय आणि एकटीच आहे

मागची_सीट

माझ्या सीटवर अजिबात बसू नका :) पुढे किंवा मधोमध बसा, चाकाच्या वर नको. मोबाइल बंद, नजर लांब रस्त्यावर. आणि एकट्या आहात हे टूर मॅनेजरला आधीच सांगून ठेवा, म्हणजे पुढची सीट मागायला लाजावं लागणार नाही.

गुलबकावली

धन्यवाद दादा. व्हिसाचं पण कुणी सांगेल का? शेंगेन, म्हणजे युरोपचा. किती आधी करायचा

पायपीट

प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात, कमीत कमी १५ दिवस आधी तरी दिलाच पाहिजे. पण शेवटपर्यंत थांबू नका हो, अपॉइंटमेंटच मिळत नाहीत. विमा निदान ३०,००० युरोचा लागतो. बाकी त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे आम्ही रडायला बसलोय.

क्लिक_क्लिक

एकटा गेला की तो ग्रुपचा फोटोग्राफर. लिहिलेलं नसतं, पण असतं. पिसाला बस लांब उभी राहते, तिथून शटलने जायचं, म्हणजे मनोऱ्याजवळ वेळ तसाही कमी. आणि सगळ्यांना तो हाताने सावरून धरायचाय. "दादा जरा डावीकडे", "दादा हात बरोबर टेकलाय का", "दादा पुन्हा एकदा, डोळे मिटले होते". मी सतरा कुटुंबांना मनोरा धरून दिला. शेवटी एका काकांना म्हटलं माझा एक काढा. त्यांनी मनापासून काढला. त्यात मी पूर्ण ताकदीने हवा ढकलतोय, मनोरा माझ्या पाठीमागे आणि कोपऱ्यात काकांचा अंगठा.

आजवर काढलेला माझा सगळ्यात आवडता फोटो, खरं सांगतो.

वेंधळी

आले परत. माझा फेरीबोटीचा किस्सा. फ्रान्समधलं कॅले ते इंग्लंडमधलं डोव्हर. बसमधून उतरून वर जायचं, बस खालच्या डेकवर. गाइड ओरडून सांगत होता, डेक नंबर आणि जिन्याचा रंग लक्षात ठेवा. जोडप्यात एक जण तरी लक्षात ठेवतो, मी दोघींच्या वाटचं विसरले. दीड तास डेकवर वारा खाल्ला, पांढरे कडे बघितले, स्वर्ग. मग घोषणा झाली आणि माझ्या पोटात गोळा. हिरवा होता की निळा? चुकीच्या जिन्याने उतरले तर ट्रकच ट्रक. त्या ट्रकांच्या मधून एक कर्मचारी मला हाताला धरून वर घेऊन गेला. आमच्या बसमध्ये चढले तर टाळ्या. इतकी लाज वाटली. पण त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांना माझं नाव कळलं.

आता कुठेही गेले की आधी दाराचा फोटो काढते

नकाशेवाला

वेंधळी, तुम्ही एकट्या नाही. आइसलँडमध्ये २०१२ साली एका बस टूरमध्ये एक बाई हरवल्याचं जाहीर झालं, एल्डग्याउ नावाच्या घळीजवळ. मोठी शोधमोहीम निघाली. झालं असं होतं की त्या बाईने थांब्यावर कपडे बदलले होते, म्हणून बसमध्ये तिला कुणी ओळखलंच नाही. हरवलेल्या बाईचं वर्णन ऐकून ती स्वतः शोधायला निघाली. पहाटे तीनच्या सुमारास लक्षात आलं की ही तीच. तेव्हा सगळ्या जगात छापून आलं होतं.

रिकामटेकडा

म्हणजे तिथे आकडा विषम आला असता तर...

खिडकीवाली

पुरे हो तुमचं गणित!

माझीमीच

मी जरा उलटं लिहिते. मला एकटीलाच जायचं होतं. बस यासाठी की सामान आणि हॉटेलं कोणीतरी बघेल, माणसं बघावीत म्हणून नव्हे. पण आपला ग्रुप कुणाला एकटं राहू देत नाही. पहिल्याच दिवशी एका कुटुंबाने मला दत्तक घेतलं. व्हेनिसला बस शहरात येत नाही, ट्रोन्केत्तोला उतरून बोटीने सान मार्कोला. तिथे दीड तास मोकळा. मला एका कालव्याच्या कडेला नुसतं बसायचं होतं. बसले, दोन मिनिटं झाली असतील, "अगं एकटीच काय बसलीयस, चल, आपण सगळ्या मिळून मुखवटे बघू". प्रेमानेच बोलत होत्या, म्हणून तर नाही म्हणता येईना. मुखवट्यांच्या दुसऱ्या दुकानात मी मागच्या दाराने निघाले. व्हेनिसमध्ये हरवायला दोन वळणं पुरतात. चाळीस मिनिटं एका पायरीवर पाण्याकडे बघत होते. समोरच्या घरातून कोणीतरी दोरीवर चादर वाळत घालत होतं, कप्पी कुरकुरत होती. मला ती टूर म्हणून तेवढीच आठवते.

वेळेत परत आले हं. काकूंनी माझ्यासाठी मुखवटा घेऊन ठेवला होता. नाही, मी अजून तो फेकलेला नाही.

सांजवेळ

माझीमीच, तुझं पटलं मला.

किआवाला

न्यूझीलंड, क्वीन्सटाउनहून मिलफर्ड साउंड. एका दिवसाची सहल, जायचं अंतर २८८ किलोमीटर आणि तेवढंच परत. बसमध्ये मी सोडून सगळे नवविवाहित असावेत असा माझा दाट संशय आहे. होमर बोगद्याच्या तोंडाशी सिग्नलला थांबलो. तिथे किआ नावाचे डोंगरी पोपट येतात, मोठे हिरवे, आणि गाड्यांचं रबर कुरतडतात. सगळी जोडपी खाली उतरून सेल्फीत. मी बसमध्येच होतो. एक किआ दारातून आत आला, पायरीवर थांबला आणि सरळ माझ्याकडे मान तिरकी करून बघत राहिला, "तू पण एकटाच का" अशा थाटात. मग माझ्या बुटाची नाडी ओढली. सुटली. गेला.

शेजारी कोण होतं विचारलं होतं ना, तर हा.

मागची_सीट

किआवाला, तुम्ही जिंकलात

गुलबकावली

खिडकीवाली ताई, ते राहिलंच की. पुलावरच्या काकूंचं पुढे काय झालं? काका काय म्हणाले?

खिडकीवाली

काका काहीच म्हणाले नाहीत. स्वेटर उचलून जागा करून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी बसमध्ये चढले तर माझ्या शेजारच्या सीटवर काकू. म्हणाल्या, "ह्यांना झोपू दे. मला त्या पुलाबद्दल कुणाशी तरी बोलायचंय." बोलल्या, मधल्या थांब्यापर्यंत. मग मोजणी झाली तेव्हा टूर मॅनेजर दोन बोटं पुढे करून आला, काकांपाशी अडखळला आणि म्हणाला, "आणि काका."

मशीन थांबलं वाटतं. कपडे वाळत घालून येते, तोवर तुम्ही लिहा.