'फायदा झाला नाही' हे पेशंटच्या घरच्यांना कसं सांगायचं?

घाटावरची फिजिओ:
तालुक्याच्या गावी माझं लहानसं फिजिओथेरपी सेंटर आहे. २९ ऑक्टोबरला, जागतिक स्ट्रोक (पक्षाघात) दिनाला, आधी इथल्या डॉक्टरांपुढे दहा मिनिटं आणि मग आशाताई व पेशंटच्या घरच्यांपुढे अर्धा तास बोलायचंय. डॉक्टरांना आकडे दिले की झालं. घोडं अडलंय घरच्यांपाशी.

विषय 'अटेंड' या स्ट्रोकच्या पेशंटवरच्या चाचणीचा. २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. आपल्याच देशातली १४ रुग्णालयं, १२५० पेशंट. एका गटात नेहमीच्या उपचारांवर घरच्यांना जास्तीचं शिकवलं, म्हणजे कुशीवर वळवणं, उठवून बसवणं, रोजची कामं करून घेणं. सहा महिन्यांनी दगावलेले किंवा परावलंबी राहिलेले दोन्ही गटांत ४७ टक्केच. बारा वर्षं मी सुना-मुलांना हेच तर शिकवतेय! लपवायचं नाहीये. पण सांगितलं तर उद्यापासून पेशंटचा हात कोण हलवणार?

जुना मेडिसिनवाला:
"व्यायाम निरुपयोगी" असं त्यात कुठे आहे? दुसऱ्या गटालाही नेहमीचं रिहॅब, म्हणजे व्यायाम-पुनर्वसनाचे उपचार, मिळतच होते. वरच्या जादा शिकवणीने फरक पडला नाही, एवढंच. डॉक्टरांपुढेही हे नीट फोडून सांगा, आम्ही लोक सारांशाच्या शेवटच्या ओळीपलीकडे जात नाही. (ऑस्ट्रेलियावाल्यांची 'अव्हर्ट' ही स्ट्रोकचीच चाचणी आठवतेय? २०१५ची. पहिल्या चोवीस तासांतच ज्यांना जास्त वेळा उठवायला लागले, त्यांचं उलट कमी चांगलं झालं. त्यावरून आमच्या वॉर्डात तुमच्या मंडळींशी चांगलीच जुंपली होती.)

नाशिककर:
मी डॉक्टर नाही, पेशंटचा मुलगा. बाबांचा उजवा हात दीड वर्ष रोज सकाळी मी हलवला. मूठ उघडली नाही. आत्या अजून म्हणते, "तू नेमाने केलं नाहीस." हा ४७चा आकडा तेव्हा कुणी सांगितला असता तर तिच्यापुढे ठेवला असता. ताई, जरूर सांगा. आणि गिळता येतंय का हे तपासल्याशिवाय तोंडात पाणीसुद्धा घालू नका, हेही सांगा. आम्ही चमच्याने पेज भरवली, ठसका लागला, न्यूमोनिया होऊन पुन्हा दहा दिवस ॲडमिट.

आशाताई, तीन पाडे:
मॅडम, पोस्टरवर "पक्षाघात" छापू नका. आमच्याकडे "अंगावरून वारं गेलं" म्हणतात. "स्ट्रोक" म्हटलं की बायकांना ऊन लागल्याचं वाटतं. मागच्या वर्षी तुम्ही साडेचार तासांच्या आत द्यायचं गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सांगितलंत, पण त्याआधी सीटी स्कॅन लागतो आणि तो रात्री कुठे चालू असतो, ते राहिलं. लोक मलाच विचारतात.

घाटावरची फिजिओ:
आशाताई, चूक माझीच. उद्या फोन करकरून रात्रीच्या सीटीची यादी काढते, पोस्टरवर सगळ्यात वर तीच. आणि "वारं".
नाशिककर, तुमच्या आत्यांचं ते वाक्य डॉक्टरांपुढेही सांगू का? नाव न घेता.

नाशिककर:
सांगा. नाशिकचं मात्र म्हणू नका, आत्या सगळं वाचते.