विषय: आरव्हीतली ओल – छोटा डीह्युमिडिफायर पुरेल का?

नमस्कार मंडळी,
थंडीत आरव्हीत (राहण्याची सोय असलेल्या गाडीत) मुक्काम केला की सकाळी काचांवरून पाणी ओघळतं. गादी उचलली तर खाली ओल आणि काळे ठिपके. माणसं दोन, स्वयंपाक गॅसवर. पेल्टियर चकतीवर (वीज दिली की जिची एक बाजू थंड होते) चालणारा छोटा डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं पाणी काढणारं यंत्र, घेतला तर भागेल का? छताची झडप उघडायला मन धजत नाही, बाहेर पाऊस असतो आणि तीच दमट हवा आत येईल असं वाटतं.

—

ताई,
पेल्टियरवाला घेऊ नका. खोक्यावरचा दिवसाचा आकडा बहुधा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेतला असतो. १५ अंशांत त्याच्या निम्मंही पाणी निघत नाही. इकडे दोन माणसांच्या श्वासातून आणि अंगातून एका रात्रीत अर्धा ते पाऊण लिटर पाणी हवेत जातं. त्यात गॅसची भर: एक किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाणी तयार होतं. शेगडीचा धूर आतच राहतो, म्हणून ते सगळं पाणीही आतच.

झडपेची भीती मात्र मनातून काढून टाका. शून्य अंशाची हवा कितीही ओली असली तरी एका घनमीटरमध्ये जेमतेम ५ ग्रॅम पाणी धरते. २० अंशांची हवा १७ ग्रॅमपर्यंत धरते. म्हणजे बाहेरची ती 'दमट' हवा आत येऊन तापली की तिची आर्द्रता ३० टक्क्यांच्याही खाली जाते. थंडीत बाहेरच्या हवेइतकं स्वस्त वाळवणीचं साधन दुसरं नाही.

छताची झडप दोन बोटं उघडा, पंखा सर्वांत कमी वेगावर, हवा बाहेर फेकणारा. दुसऱ्या टोकाची एक खिडकीही तेवढीच उघडी हवी. नाहीतर पंखा मिळेल त्या फटीतून हवा ओढतो आणि सिंकच्या नळीतून वास वर येतो. स्वयंपाकात भांड्यांवर झाकण, पंखा आधीच सुरू, नंतरही पंधरा मिनिटं. अंघोळीनंतर भिंती वायपरने निपटून पाणी मोरीत ढकला.

सोबत ऊब हवीच, नुसती झडप उघडून गारठ्यात बसण्यात अर्थ नाही. ज्या फर्नेसचा धूर बाहेर जातो ती कोरडी ऊब देते. बिनधुराड्याचा गॅस हीटर पाणीही सोडतो आणि कार्बन मोनॉक्साइडचा धोकाही, त्यावर रात्र काढू नका. गाडीतल्या कायमच्या हवेच्या जाळ्या चिंध्या कोंबून बंद करू नयेत.

—

काका, मग आतली आर्द्रता किती टक्क्यांवर ठेवायची? आणि गादीचं काय?

—

४० ते ५०. २० अंश आणि ६० टक्क्यांना १२ अंशांखालच्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. ५० टक्क्यांना ९ अंशांखाली. एकेरी काच बाहेर शून्य असताना ५-६ अंशांवर असते, तिला घाम येणारच. ती सकाळी पुसायची. खरी चिंता गादीची आणि कपाटांच्या कोपऱ्यांची, कारण तिथलं पाणी दिसत नाही. गादी थेट प्लायवर नको. खाली लाकडी पट्ट्या किंवा दोनेक सेंटीमीटर जाडीची जाळीदार चटई घाला, दिवसा गादी उभी करा. कपाटातलं सामान बाहेरच्या भिंतीपासून दोन बोटं पुढे ओढा.

खिडकीला आतून इन्सुलेशनचा पडदा लावायचा तर कडा घट्ट बसायला हव्यात. फट राहिली तर ओली हवा मागे शिरते आणि काच आणखीच भिजते.

—

मंडळी, थोडी भर घालतो.

स्वस्त हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारा मीटर) पाच-सात टक्के सहज चुकतो. बाटलीच्या झाकणात साधं मीठ, त्यात थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा (मीठ विरघळून जाता कामा नये). झाकण आणि मीटर एका झिपच्या पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी आकडा ७५ हवा; जितका फरक तितका कायम वजा-अधिक धरायचा.

यंत्र घ्यायचंच तर थंडीसाठी डेसिकंट रोटरचं (ओल शोषणाऱ्या फिरत्या चाकाचं) घ्या, मात्र मेन्सची (घरातल्यासारखी, बाहेरून जोडलेली) वीज लागेल. कॉम्प्रेसरवाल्याच्या कॉइलवर (थंड नळ्यांवर) १५ अंशांखाली बर्फ धरू लागतो. कॅल्शियम क्लोराइडचे डबे फक्त उभ्या गाडीत. चालत्या गाडीत ते खारं पाणी सांडलं की पत्रा गंजतो.

उन्हाळ्यात गणित उलटं. ३० अंश आणि ८० टक्क्यांची हवा घनमीटरला २४ ग्रॅम पाणी घेऊन येते, तेव्हा खिडक्या बंद आणि एसी सुरू. एसीचा पंखा 'ऑटो'वरच ठेवा. तो अखंड फिरत राहिला तर कॉम्प्रेसर थांबल्यावर कॉइलवरचं पाणी परत हवेत मिसळतो.

आणि पावसानंतर एकाच कोपऱ्यात ओल आली, लाकूड ओलावामापकावर २० टक्क्यांच्या वर गेलं, तर ती दवाची नव्हे, गळतीची. छतावरच्या प्रत्येक जोडाचं सीलंट बोटाने दाबून पाहा. रबरी छतावर सिलिकॉन लावू नका, त्यावर नंतर दुसरं काहीच धड चिकटत नाही.