मदत हवी आहे: मंगा पद्धतीच्या चित्रकथेत पानाची मांडणी आधी कशी ठरवायची?

नमस्कार मंडळी,

मी लातूरची. दिवसा एका डीटीपीच्या दुकानात लग्नपत्रिका, फ्लेक्स, पावतीपुस्तकं अशी कामं करते आणि रात्री जेवणं उरकली की चित्रं काढते. वर्षभरापासून २४ पानांची एक चित्रकथा चालू आहे, काळ्या-पांढऱ्यात, मंगा म्हणजे जपानी चित्रकथांच्या पद्धतीची. ए-४ कागदावर काढते, छापायची ए-५ मध्ये, मधोमध पिन मारून, १०० प्रती. माणसं, घरं, गल्ली हे सगळं हाताला येतंय. अडलंय ते पान बांधताना. कुठली चौकट मोठी, कुठली बारकी, एका पानावर किती आणि पान नेमकं कुठं तोडायचं, याचा काही केल्या हिशेब लागत नाही.

आधी कथा सांगते, नाहीतर प्रश्न कळणार नाही.

२०१६ चा उन्हाळा. मी आठवीत होते. मांजरा धरण कोरडं पडलं होतं, पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लागली होती. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, १० वाघिणी, ५ लाख लिटर. टीव्हीवर सगळीकडं तीच रेल्वे. माझ्या डोक्यात मात्र आमच्या गल्लीतली रांग बसलीय. टँकरसाठी रात्री नंबर लावायचे. माणसं दमली की घरी जायची आणि आपल्या जागेवर घागर ठेवून जायची, घागर नसली तर कॅन, तीही नसली तर वीट. रात्री दोन वाजता गल्लीत माणूस एक नाही आणि भांड्यांची रांग मात्र कोपऱ्यापर्यंत गेलेली. माझी कथा त्या एका रात्रीची आहे. एक मुलगी, तिची आजी आणि ती रांग. पहिल्या १० पानांत फक्त वाट बघणं आहे. मग टँकर येतो, पळापळ होते, शेवटी अर्धी घागर पाणी मिळतं.

आता अडचणी.

पहिली म्हणजे मी प्रत्येक पानावर सहा सारख्या चौकटी आखल्या, दोन-दोनच्या तीन ओळी. दुकानात कोष्टकं करायची सवय, तोच हात इथं चालला. मैत्रिणीला दाखवलं. ती दहा मिनिटांत वाचून मोकळी झाली आणि म्हणाली, "सगळं कळलं, पण मला कुठं थांबावं वाटलं नाही." वाट बघण्याची गोष्ट आणि वाचणारीला थांबावं वाटत नाही, म्हणजे माझं मुळातच चुकलंय. मग दुसऱ्या खर्ड्यात तिरक्या चौकटी केल्या, जपानी पुस्तकांत असतात तशा. तर आजी नुसती भिंतीला टेकून बसलीय आणि पान असं दिसतंय की आता भांडण होणार.

दुसरी अडचण दिशेची. सुरुवातीची सहा पानं मी उजवीकडून डावीकडं काढली होती. ज्यांनी वाचली ती सगळी चुकली, आधी उत्तर वाचलं आणि मग प्रश्न. म्हणून ती पानं स्कॅन करून आरशासारखी उलटी केली. त्यात आजीचा पदर उजव्या खांद्यावर गेला आणि ती डाव्या हातानं भाकरी मोडायला लागली. ती पानं आता नव्यानं काढावी लागतील असं दिसतंय, पण कुणाकडं दुसरा मार्ग असेल तर सांगा.

तिसरी अडचण अक्षरांची. मला उंच, अरुंद चौकटी फार आवडतात. पण त्यात मराठी वाक्य मावत नाही. आजी म्हणते, "आमच्या येळंला आडात वाकलं की तोंड दिसायचं बग." एवढ्याला फुगा (संवाद लिहायचा गोल) केला तर एका ओळीत एक शब्द बसतो, वर वेलांट्या आणि खाली उकार एकमेकांत घुसतात. अक्षर बारीक केलं तर ए-५ ला वाचता येत नाही.

चौथं टँकरच्या पानाचं. तो ११ व्या पानावर येतो, मी तिथं पूर्ण पानाचं चित्र केलंय. सगळ्यांत जास्त मेहनत त्यावर घेतलीय आणि वाचणाऱ्यांवर त्याचा काहीच परिणाम होत नाही. का, ते मला खरंच कळत नाहीये.

ज्यांनी असं काही छापलंय, किंवा नुसतं लक्ष देऊन वाचलंय, त्यांनी कृपया लिहावं.

प्रतिसाद

ताई, चौथ्या प्रश्नापासून धरतो, कारण तिथून बाकीचं सुटेल.

टँकर ११ व्या पानावर आहे म्हणजे तो उजव्या हाताला आला. डावीकडून वाचायच्या पुस्तकात सम पान डावीकडं आणि विषम पान उजवीकडं येतं. वाचणारा १० वं पान उघडतो तेव्हा दोन्ही पानं एकदम डोळ्यांसमोर असतात. त्याला आजी अजून वाट बघताना वाचायचीय आणि नजरेच्या कोपऱ्यात टँकर येऊन उभा आहे. तुमचं चित्र कमी पडलेलं नाही, वाचणाऱ्यानं ते वेळेआधीच बघितलंय. जी गोष्ट अचानक दिसायला हवी ती पान उलटल्यावर दिसली पाहिजे, म्हणजे सम पानावर. आणि उलटण्याआधीच्या विषम पानाची शेवटची चौकट अशी हवी की हात आपोआप पानाच्या कोपऱ्याकडं जावा. जपानी चित्रकार या 'मेकुरी'चा, म्हणजे पान उलटण्याचा, विचार फार आधीपासून करतात. त्यांचं पुस्तक उजवीकडून उघडतं म्हणून त्यांची ती चौकट डाव्या पानाच्या तळाला डावीकडं येते. आपली उजव्या पानाच्या तळाला उजवीकडं.

तुमच्या बाबतीत आणखी एक सोय आहे. २४ पानांच्या पिन मारलेल्या पुस्तकात १२ आणि १३ ही मधली पानं एकाच अखंड कागदावर येतात. बाकी कुठल्याही समोरासमोरच्या पानांवर सलग चित्र टाकलं तर घडीपाशी रेषा थोडी सरकते, इथं सरकत नाही. दोन पानी चित्र काढायचंच असेल तर जागा हीच.

हे डोक्यात धरून जमत नाही, हातात पुस्तक लागतं. ए-४ चे सहा कोरे कागद घ्या, मधोमध दुमडा, एकात एक घाला, झाली तुमची ए-५ ची २४ पानं. त्यात पेन्सिलनं नुसत्या चौकटी, माणसांच्या जागी काड्या आणि संवाद लिहा. चेहरे नकोत. जपानमध्ये या कच्च्या आराखड्याला 'नेमु' म्हणतात. संपादक आधी तोच बघतो, दुरुस्त्या तिथंच होतात आणि मग शाई. तुम्ही एकदम ए-४ वर पक्कं काढताय, म्हणून एक चौकट हलवायला जीव जातो. चार आण्याच्या कागदावर हवं तेवढं खोडा.

फटींचंही बघा. तुम्ही चौकटींमध्ये सगळीकडं सारखीच जागा सोडली असणार. मंगात शेजारशेजारच्या दोन चौकटींमधली उभी फट अरुंद असते आणि वरच्या-खालच्या ओळींमधली आडवी फट चांगली रुंद. त्यामुळं नजर आधी ओळ संपवते आणि मग खाली उतरते. तुमच्या ए-४ वर उभी ३ मिलिमीटर आणि आडवी ७-८ करून बघा. छापताना सगळं साधारण ७१ टक्क्यांवर येणार, तेही लक्षात ठेवा.

तिरक्या चौकटी फेकू नका, जपून ठेवा. टँकरवर पाईप टाकायला माणसं चढतात ना, त्या पानांसाठी. आधीची ११ पानं सरळ, शांत चौकटींची राहिली तरच ती पानं तिरकी वाटतील.

प्रतिसाद

अक्षरांबद्दल लिहिते, मी शालेय मासिकाची पानं लावते.

जपानी मजकूर वरून खाली लिहितात आणि ओळी उजवीकडून डावीकडं जातात. त्यांची चौकट उंच आणि फुगा उभा यामागं हे मोठं कारण आहे. पुस्तक उजवीकडून उघडतं तेही त्याचमुळं. त्यांचा फुगा आपण घेतला आणि लिपी आपली ठेवली तर भांडण होणारच. देवनागरीला आडवा फुगा लागतो, शिरोरेषेच्या वर मात्रा-वेलांटीला आणि खाली उकाराला हवा लागते. म्हणून बोलण्याच्या चौकटी आडव्या ठेवा, आणि जिथं कुणी बोलत नाही तिथं तुमच्या आवडीच्या उंच, अरुंद चौकटी वापरा. तुमच्या कथेत न बोलण्याच्या जागा भरपूर आहेत.

आजीचं वाक्य एका फुग्यात कोंबू नका. "आमच्या येळंला" एवढाच एक फुगा. मग थोडी जागा. मग "आडात वाकलं की तोंड दिसायचं बग." म्हातारं माणूस बोलताना मध्ये थांबतं, ते थांबणं फुग्यांमधल्या जागेनं दिसेल.

आणि क्रम बदला. आधी अक्षर मांडा, नंतर माणूस काढा. चौकटीत फुग्याची जागा ठरवल्याशिवाय डोकं काढलं की फुगा शेवटी डोक्यावरच बसतो. आधी बोलणारं माणूस डावीकडं उभं करा, म्हणजे फुग्यांच्या शेपट्या एकमेकींना छेदणार नाहीत. फॉन्टच वापरणार असाल तर 'कलम' हस्ताक्षराजवळचा आहे, 'बालू' जाड आणि गोल, ओरडण्याला चालतो. दोन्ही मोफत मिळतात. चित्रांच्या ॲपमध्ये टाईप करताना जोडाक्षरं तुटत असतील तर मजकूर इंकस्केप या सॉफ्टवेअरमध्ये करून घ्या, तिथं नीट जुळतात. पण तुमचं हस्ताक्षर बरं असेल तर हातानंच लिहा, असं मला मनापासून वाटतं.

उलट्या केलेल्या पानांना दुसरा मार्ग नाही. जपानी पुस्तकं परदेशात आरशासारखी उलटी करून छापायचे तेव्हाही असंच व्हायचं, उजवे लोक डावखुरे व्हायचे. किमोनोची तर डावी बाजू वर असते, ती उलटी झाली की मृताला नेसवतात तशी दिसते. आजीचा पदर नव्यानं काढा.

प्रतिसाद

मी छत्रपती संभाजीनगरचा. वाट बघण्याची पानं कशी दाखवायची यावर एकच सुचवतो.

अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यातली भिंतीवरची चित्रं बघा. एकाच भिंतीवर अख्खी जातककथा आहे आणि मध्ये आखलेल्या चौकटी नाहीत. तोच माणूस पुन्हा पुन्हा दिसतो, कुठं खांब, कुठं दार, कुठं झाड आलं की आपण समजतो, प्रसंग बदलला. याच्या उलट वेरूळला कैलास लेण्यात रामायण ओळींमध्ये कोरलंय, एकाखाली एक पट्ट्या. बसनं जाऊन दोन्ही बघता येतील, फोटोपेक्षा ते बरं.

तुमच्या गल्लीचं एकच लांबलचक चित्र काढा, चौकट न आखता. त्यात मुलगी चार-पाच वेळा काढा. उभी आहे, मग उकिडवी बसलीय, मग घागरीवर डोकं टेकलंय, मग आजीच्या मांडीवर झोपलीय. मध्ये विजेचा खांब आणि दारं आहेतच. रात्र एका पानात सरकेल आणि एकही शब्द लागणार नाही.

दुसरं, वाट बघताना माणूस गोष्टींकडं बघत बसतो. स्कॉट मॅक्लाउड या अमेरिकी चित्रकथाकारानं १९९३ मध्ये चौकटीतून चौकटीत जायच्या सहा पद्धती मांडल्या. त्यातली एक अशी की वेळ पुढं जात नाही, नुसती नजर त्याच जागेत फिरते. जपानी चित्रकथांत ती जास्त दिसते हेही त्यानंच दाखवलं. तुमच्याकडं घागरीचं काळं तोंड आहे, वीट आहे, आजीच्या भेगाळलेल्या टाचा असतील. बारक्या चौकटींत त्या येऊ द्या.

धागाकर्तीचं उत्तर

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. रविवारी दुकान बंद असतं, दिवसभर तेच केलं. सहा कागद दुमडून पुस्तक बनवलं. पहिलं बनवलं ते खोडून खोडून फाटलं, आता दुसरं चालू आहे.

सध्या असं बसलंय. १० व्या पानावर गल्लीचं एकच चित्र, त्यात मुलगी पाच वेळा. शेवटची झोपलेली. ११ वर आधी तीन बारक्या चौकटी: वीट, घागरीचं तोंड, टाच. टाच आईच्या बघून काढली. मग एक रुंद चौकट, आजी अंधारात, तिच्या चेहऱ्याच्या एका बाजूला उजेड. आणि तळाला उजवीकडं कुणीच दिसत नाही, फक्त लांबून आवाज, "टँकर येलालाय!" पान उलटलं की १२-१३ वर गल्ली वरून दिसते. टँकर आता मी अगदी बारका केलाय, कोपऱ्यात, नुसते दोन दिवे. बाकी दोन्ही पानांवर त्या उजेडात भांड्यांची रांग, प्रत्येक भांड्याची सावली लांब पडलेली. माझ्या आधीच्या चित्रात टँकरच मोठा होता. पुस्तक हातात घेऊन पान उलटल्यावर कळलं की मला दाखवायची होती ती रांग. मैत्रिणीला परत दिलं. १२ व्या पानावर ती थांबली, भांडी मोजायला लागली.

आजीची वाक्यं तोडली. एकूण शब्द जवळपास निम्मे झाले. सहा पानं नव्यानं काढतेय, पदर डाव्या खांद्यावर.

एक प्रश्न अजून राहिला. ११ ते १३ ही पानं जवळजवळ सगळी काळी आहेत. छापखान्यात ७० जीएसएमच्या (जीएसएम म्हणजे कागदाचं वजन, जितकं जास्त तितका कागद जाड) मॅपलिथो या साध्या छपाईच्या कागदाचा भाव सांगितलाय, तो परवडतो. पण दुकानात बघितलंय, एवढी काळी शाई बसली की पातळ कागदाच्या मागच्या बाजूनं दिसते. १३ च्या पाठीवर १४ येतं, तिथं मोकळी पांढरी जागा बरीच आहे. कागद १०० चा घ्यावा की काळ्याच्या जागी रेघांनी अंधार काढावा? ज्यांनी रात्रीची पानं छापलीयत त्यांनी सांगा, कागद या आठवड्यात ठरवायचाय.