इंद्रभुवनात तुमचं काय काम होतं?

सोलापुरात 'महापालिकेत जाऊन येतो' म्हणणारा बहुधा बाहेरगावचा असतो. आपण 'इंद्रभुवनात' जातो. रावबहादूर आप्पासाहेब वारद यांनी हौसेनं बांधलेला हा वाडा. 1 मे 1964 ला नगरपालिकेची महापालिका झाली आणि पुढं कारभार इथून चालू लागला. घराची कचेरी झाली, नाव तेवढं इंद्राचंच राहिलं. तुम्ही कशाला गेला होतात, लिहा. माझं साधं: मुलीचा जन्मदाखला. इंद्राच्या घरी नोंद झाली म्हणून सासरे पेढे वाटत सुटले होते.

साखर पेठेतून
वडील मागावर. सुट्टीच्या दिवशी मला सायकलच्या दांडीवर बसवून घरपट्टी भरायला न्यायचे. ते रांगेत, मी बाहेर कमानी मोजत. आकडा दरवेळी वेगळा. आमच्या घरी तेलुगू बोलतात, पण पावती घडी करून खिशात ठेवताना वडील मराठीत म्हणायचे, "झालं बे, वर्षाचं मिटलं."

पार्क चौक
कॉलेज बुडवून पार्कवर मॅच. तहान लागली की इंद्रभुवन. एवढंच काम.

निवृत्त कारकून
उंच छतामुळं चैत्रातही सकाळी अकरापर्यंत पंखा लागत नसे. त्यानंतर सोलापूर ते सोलापूरच! फायलींची कपाटं लावताना भिंतीच्या नक्षीला धक्का लागू नये म्हणून आम्ही हातभर जागा सोडायचो. पावसाळ्यात तिथं छत्र्या, एरवी डबे. वाडा बांधणाऱ्यानं बघितलं असतं तर काय म्हणाला असता कोण जाणे.

विजापूर रोड
लहानपणी पसारा केला की आई म्हणायची, "हे काय इंद्रभुवन आहे का, मागं नोकर फिरायला?" तिच्याच मृत्यूच्या दाखल्यासाठी पहिल्यांदा आत गेलो. रांगेतली एक अनोळखी बाई म्हणाली, "दादा, पाच प्रती घ्या, बँकेला लागतात." घेतल्या. चार लागल्या. पाचवी आईच्या इरकलीच्या घडीत आहे.

पुन्हा साखर पेठ
वाड्याची डागडुजी झाल्यावर मुलाला दाखवायला नेलं. "पप्पा, इथं राजा राहायचा?" म्हटलं, तू आधी कमानी मोज. त्याचाही आकडा माझ्याशी जुळला नाही.