भाव उतरलेत, पण रेडी रेकनर पाहिलात का?

मंदीत फ्लॅट घेऊ पाहणाऱ्याला "भाव अजून पडतील, थांबा" असा सल्ला नेहमी मिळतो, पण तो अपुरा आहे. घासाघीस करून किंमत खाली आणली तरी महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क करारातली रक्कम आणि रेडी रेकनरचं (सरकारने त्या भागासाठी ठरवलेल्या दरांच्या तक्त्याचं) मूल्य यांतल्या जास्त आकड्यावर लागतं. बाजार पडला म्हणून रेकनर लगेच खाली येत नाही.

समजा सौदा 70 लाखांना ठरला आणि रेकनरचं मूल्य 80 लाख आहे. शुल्क 80 लाखांवर बसेल. शिवाय फरक किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त असल्याने हे पूर्ण 10 लाख घेणाऱ्याचं उत्पन्न धरलं जातं. प्राप्तिकराच्या 30 टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उपकरासह 3 लाख 12 हजार गेले. म्हणून टोकन देण्याआधीच नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर त्या जागेचा रेकनर दर पाहा.

बांधकाम चालू असेल तर मंदीत खरी भीती काम थांबण्याची. महारेराच्या (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या) संकेतस्थळावर त्या प्रकल्पाच्या पानावर ताबा-तारीख किती वेळा पुढे ढकलली आणि प्रकल्प कुणाकडे गहाण आहे ते वाचा. गहाण असेल तर त्या संस्थेचं तुमच्या फ्लॅटपुरतं ना-हरकत पत्र घ्याच. करार नोंदवण्याआधी 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला मागताच येत नाही, "ऑफर आज संपते" म्हणाला तरी.

भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) मिळाल्यावर बिल्डरकडून घेतलेल्या फ्लॅटवर जीएसटी नाही. चालू कामात 5 टक्के, परवडणाऱ्या घरांना 1. शिल्लक तयार फ्लॅट असेल तर मी तोच आधी बघायला सांगेन.