प्लेटवरची खडी काढून वाळू टाकायची आहे, मासे सांभाळून कसं करू?

निळीखडी
नमस्कार. टँक २ फूट लांब, १ फूट रुंद, सव्वा फूट उंच. बाबांनी घेतलेला. त्यांना जाऊन दीड वर्ष झालं, तेव्हापासून मी बघते. आत दोन गोल्डफिश. त्यातला केशरी बाबांनी आणलेला, सहा वर्षांचा. तळाला निळी रंगीत खडी, वाटाण्याएवढी. तिच्याखाली प्लास्टिकची प्लेट, दोन उभ्या नळ्या, मागे एअर पंप. दुसरा फिल्टर नाही.

गेल्या मंगळवारी शाळेतून आले तर केशरी तोंड वासून कोपऱ्यात उभा होता. टॉर्च मारून पाहिलं, घशात निळा खडा अडकलेला. ओल्या हातात धरला, डोकं खाली केलं आणि गळ्याखाली बोटाने हलकेच दाबलं. तिसऱ्यांदा खडा निसटला. तो पुन्हा पोहायला लागला तरी माझे हात कितीतरी वेळ कापत होते.

आता ही खडी मला टँकमध्ये नको. रंगही सुटतोय, पांढरे डाग दिसतात. बारीक वाळू टाकायची आहे. सगळीकडे वाचलं की दर आठवड्याला एक तृतीयांश खडी काढावी. पण आमच्या भागात पाणी पाचव्या दिवशी येतं, या वेळी शनिवारी येईल. रविवारी एकदमच उरकलं तर चालेल का?

होटगीरोड गप्पी
ताई, रविवारी करू नका. मी गेल्या एप्रिलमध्ये असंच एका दिवसात केलं. खडी काढली, टँक घासला, स्पंजही नळाखाली धुतला. पाणी आरशासारखं दिसत होतं. तिसऱ्या दिवशी मासे वर येऊन हवा गिळायला लागले, आठवड्यात अकरापैकी चार उरले. पाणी स्वच्छ दिसतंय म्हणून मी अमोनिया तपासलाच नाही. तुम्ही हप्त्याहप्त्याने करा.

साखरपेठचा टँकवाला
ताई, खडा काढलात ते अगदी बरोबर केलंत. चिमटा घालून ओढलं असतं तर घसा फाटण्याची भीती होती.

मी १९९१ पासून टँक ठेवतोय, त्यातली पहिली बारा वर्षं प्लेटवरच. म्हणून सांगतो, एक तृतीयांशचा नियम चांगला आहे, पण तो बाहेर वेगळा फिल्टर असलेल्या टँकचा. तुमच्याकडे खडी हाच फिल्टर आहे. नळीतून हवा वर जाते, तिच्याबरोबर प्लेटखालचं पाणी वर ओढलं जातं आणि वरचं पाणी खडीतून खाली झिरपतं. माशांच्या घाणीतून निघणाऱ्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू त्या खडीला चिकटलेले असतात. एका बाजूची खडी काढलीत की पाणी सोपी वाट धरतं, उघड्या प्लेटमधूनच जातं. उरलेल्या खडीतून पाणी फिरत नाही, जिवाणूंना प्राणवायू मिळत नाही. दोन तृतीयांश खडी दिसायला जागेवर, पण कामाला नाही. आणि बारीक वाळू प्लेटवर टाकायचीच नाही. ती फटींतून खाली जाते, वर घट्ट बसते आणि पाण्याची वाट बंद करते.

तेव्हा आधी दुसरा फिल्टर तयार करा, मग खडीला हात लावा. मोठा स्पंज फिल्टर आणा, त्याला वेगळा एअर पंप द्या आणि याच टँकमध्ये प्लेट चालू असतानाच ५-६ आठवडे चालू ठेवा. मधे घाण झाला तर टँकमधून काढलेल्याच पाण्यात पिळायचा, नळाखाली नाही.

मग बदलायचा दिवस. आदल्या दिवशी खायला देऊ नका. मोठ्या टबात टँकचंच पाणी घ्या, त्यात मासे आणि चालू स्पंज ठेवा, वर जाळी टाका. मासे आत असताना प्लेट उचलायची नाही, हे लक्षात ठेवा. तिच्याखाली वर्षानुवर्षांचा तपकिरी गाळ असतो. काही ठिकाणी काळा पडलेला आणि सडक्या अंड्यासारखा वास मारणारा. तो वास विषारी वायूचा असतो. निम्मं पाणी बादल्यांत काढून ठेवा. मग खडी, प्लेट, गाळ, सगळं बाहेर.

खडीतली दोन ओंजळी मात्र टाकू नका. टँकच्या पाण्यात हलकी खळबळून कांद्याच्या जाळीच्या पिशवीत भरा, तोंड घट्ट बांधा आणि महिनाभर स्पंजजवळ टांगून ठेवा. पिशवी नवी, धुतलेली हवी. माशाला खडा खाता येत नाही आणि जिवाणू कामाला राहतात.

जानेवारीतली गड्ड्याची जत्रा आत्ताच झालीय, हवा थंड आहे, म्हणजे वेळ चांगली आहे. एप्रिलमध्ये करू नका. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम, ३५ अंशांना ७ च्या आसपास. अमोनियाही उन्हाळ्यात जास्त विषारी होतो. आणि पीएच ७ चा ८ झाला की त्याचा विषारी भाग जवळपास दहापट होतो. आपलं पाणी जड, पीएच वरच्याच बाजूला. होटगी रोडच्या दादांचे मासे एप्रिलमध्ये का गेले ते यात आलं.

निळीखडी
काका, रविवार रद्द. स्पंज फिल्टर उद्याच आणते. वाळू कुठली घेऊ? शेजारी बांधकाम चालू आहे, ते बादलीभर देतो म्हणाले.

होटगीरोड गप्पी
बांधकामावरची बहुतेक क्रश सँड असेल, दगड दळून केलेली. तिचे कण धारदार असतात, गोल्डफिश दिवसभर तोंडात वाळू घेऊन चाळत बसतो. नको ती.

साखरपेठचा टँकवाला
बरोबर. नदीची असली तरी आधी मूठभर वाटीत घेऊन वर व्हिनेगर टाका. फेस आला तर त्यात चुनखडीचे किंवा शिंपल्यांचे कण आहेत, पाणी आणखी जड होईल. फेस नाही आला तर चालेल. पाणी शुद्धीकरणाच्या फिल्टरमध्ये भरतात ती अर्धा ते एक मिलिमीटरची, गोल दाण्याची वाळू मिळाली तर सगळ्यात उत्तम. ३ सेंटीमीटर थराला तुम्हाला ८ ते ९ किलो लागेल. थोडी थोडी घेऊन तांदळासारखी धुवा, पाणी नितळ होईपर्यंत.

अजून एक. नवं पाणी गच्चीवरच्या टाकीतून दुपारी घेऊ नका, चटका बसतो. आदल्या दिवशी घरात बादल्या भरून ठेवा, क्लोरीन घालवणारं अँटीक्लोरीन टाका.

निळीखडी
सहा आठवड्यांनी लिहितेय. परवाच्या रविवारी केलं. क्रश सँडवर फेस आला नाही, पण हातावर चोळली तर टोचली, म्हणून परत दिली. फिल्टरची वाळू आणली. धुवायला अकरा बादल्या पाणी लागलं, ते सगळं झाडांना घातलं. प्लेट उचलली तेव्हा आलेला वास मी विसरणार नाही. गाळ प्लेटखाली गच्च भरला होता. गाळात बाबांनी शोधून शोधून सोडून दिलेला थर्मामीटर सापडला.

पहिल्या दिवशी पाणी ताकासारखं गढूळ होतं, सोमवारी संध्याकाळी निवळलं. काल अमोनिया लिटरमागे ०.२५ मिलिग्रॅम दाखवला म्हणून पाव पाणी बदललं, खाणं निम्मं केलंय. आज शून्याजवळ आहे. केशरी सकाळपासून खाली डोकं घालून वाळू तोंडात घेतोय आणि कल्ल्यांतून सोडतोय. सहा वर्षांत त्याला असं करताना मी पाहिलं नव्हतं.

साखरपेठचा टँकवाला
अमोनिया अजून दोन आठवडे रोज तपासा. आठवड्यातून एकदा वाळूत बोट फिरवा, म्हणजे खाली वायू साठणार नाही. कांद्याची पिशवी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात काढा, आधी नाही.